तारा डुबेल शे

पोरगी चहा ठेवून आत गेली आणि रतिलालनं मनातल्या मनात अक्षता झेलूनसुद्धा घेतल्या. इतकी पसंत पडली होती त्याला वच्छला. आता फक्त तिच्या आजोबांचा, जीवरामआबांचा, होकार राहिला होता.

"पुन्याले काय शिकतस तुम्ही?" आबांनी विचारलं.

पदार्थविज्ञानाच्या पोराला एवढं पुरे होतं. त्याची गाडी सुसाट सुटली. सूर्यापेक्षा कितीतरी मोठा एखादा तारा असतो, जळून जळून तो संपतो आणि मग आपल्याच वजनानं आत कोसळत जातो. उजेडसुद्धा बाहेर पडू देत नाही. तिकडे युरोपात लढाई पेटली, त्याच साली अमेरिकेत कुणी हे गणितानं मांडलं. "एकदा असा तारा बुडाला ना आबा, की तो कायमचा बुडाला!"

आबांची बशी ओठांपाशीच थांबली.

"कायमना?"

"कायमचा!"

आबांच्या सोनगीर गावात तारा म्हणजे एकच, शुक्र. तो डुबला की पुन्हा दिसेपर्यंत लग्न लागत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. रतिलालच्या वडिलांनी, नथ्थूभाऊंनी, कपाळाला हात लावला.

"मंग आमनी पोरनं लगीन कवय व्हई?" आबांनी बशी खाली ठेवली. "उठा भाऊ. तारा डुबेल शे."

रतिलाल पुढं सरसावला. हातातोंडाशी आलेली नवरी चालली होती, तीही अमेरिकेतल्या गणितापायी.

"आबा, तो शुक्र नव्हे! आणि त्यात एक कोडं आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "त्या ताऱ्यावर बसलेल्याला तो झटकन बुडाला असं वाटतं. पण लांबून बघणाऱ्याला तो नुसता रेंगाळताना दिसतो. पुरता बुडालेला कधी दिसतच नाही. दोघांचंही खरं!"

"दोन्हीसनं खरं?" आबा भडकले. "तुमले कालेजमा शिकाडतस का फसाडतस?"

तेवढ्यात दाराआडून बांगड्या वाजल्या.

"आबा," वच्छला म्हणाली, "आपन तं आठे सोनगीरले बठेल शेतस. लांबच ना? मंग आपला तारा कोठे डुबना?"

आबा मिशीवरून हात फिरवत राहिले.

"पोर खरं बोलस," अखेर आबा म्हणाले. मग त्यांनी रतिलालकडे डोळे बारीक करून पाहिलं. "पन जवाई, लगीन लागत नही तोवर तुम्ही बी लांबच ऱ्हा."