टोपलीतला तुकडा

“ह्याला काढा,” सर्जेराव म्हणाले आणि त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. काचेवर ठसा उमटला. मंदाकिनीबाईंनी तो पदराने पुसला. सकाळपासून सातव्यांदा.

कॉम्प्युटरवर सर्जेरावांच्या मुलीचं दोन वर्षांपूर्वीचं लग्न चाललं होतं, आणि काढायचं होतं ते त्यांच्या थोरल्या भावाला, गेनबाला. परवा त्यांच्या आईचं, सोजरबाईंचं, वर्षश्राद्ध. वाघोलीत मांडव घालून, मोठा पडदा लावून लग्नाची फिल्म अख्ख्या गावाला दाखवायची होती, कारण म्हातारी हसताना दिसते ती तेवढ्यातच. फक्त गेनबा नको. म्हातारी गेली आणि रस्त्याकडेच्या जमिनीवरून भावाभावांचं जे फाटलं, ते थेट कोर्टात गेलं.

“अहो, सख्खा चुलता ना तो नवरीचा?” बाई म्हणाल्या. “पंगतीत वाढतोय हाच, वरातीपुढे नाचतोय हाच. तुम्ही काय केलंत लग्नात?”

“नवरीचा बाप हाय मी. बाप काय करतो? उभा ऱ्हातो.”

बाईंनी उमेदीची वीस वर्षं खरीखुरी फिल्म कापण्यात घालवली होती. हातात पांढरे मोजे, टेबलावर कात्री आणि चिकटपट्टी, शेजारी कापड लावलेली मोठी टोपली. कापलेला तुकडा त्या टोपलीत लोंबत ठेवायचा. सिनेमा थेटरात लागेपर्यंत काही म्हणजे काही फेकायचं नाही, हा त्या धंद्याचा पहिला धडा. आता विश्रांतवाडीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत बसून त्या लोकांची लग्नं जोडायच्या. कंबर गेली होती, डोळे जायच्या वाटेवर होते. पण कॉम्प्युटरवरही त्यांनी ‘टोपली’ नावाची एक जागा करून ठेवली होती. सकाळपासून गेनबा तुकड्यातुकड्याने तिच्यात जमा होत होता.

दुपारी एका जागी घोडं अडलं. सोजरबाई खुर्चीत बसल्या होत्या. बोळकं पसरून हसत होत्या, डोळे भरून आले होते, आणि त्या समोर कुणाकडे तरी बघत होत्या. त्यापुढचा गेनबाचा तुकडा काढला होता. त्यामुळे आता सोजरबाई डोळ्यांत पाणी आणून आइस्क्रीमच्या स्टॉलकडे बघत होत्या.

“ह्ये काय? आमच्या म्हातारीचं हसं करताय व्हय गावात?”

“मी नाही, तुम्ही करताय,” बाई म्हणाल्या. “माणूस बघताना दाखवला, की त्याच्यापुढे जे लावाल त्याच्याकडेच तो बघतोय असं लोकांना वाटतं. सगळा सिनेमा त्याच्यावर तर चाललाय इतकी वर्षं. बोला, काय लावू तिथे?”

सर्जेराव घुटमळले. मग हळूच म्हणाले, “मला लावा की.”

बाईंनी शोधून त्यांचा एक हसरा चेहरा काढला. आजूबाजूचं काही दिसू नये म्हणून तो कपाळापासून हनुवटीपर्यंत मोठा केला आणि सोजरबाईंच्या पुढे जोडला. आई बघते, लेक हसतो. सांधा कळतसुद्धा नव्हता. असं काही जमलं की पूर्वी बाई स्वतःवर खूश व्हायच्या. आज त्यांना नुसता चहा हवा होता.

“परत लावा,” सर्जेराव म्हणाले. बाईंनी लावलं. “आणखी एकदा.” तेही लावलं. चौथ्यांदा लावलं तेव्हा सर्जेराव पडद्याकडे बघत नव्हते.

“म्हातारी माझ्याकडं अशी कधीच बघत नव्हती,” ते म्हणाले. “कामापुरतं बोलायची. मला ठाव हाय, गावालाबी ठाव हाय.” त्यांनी उपरण्याने सरळ डोळे पुसले. “मॅडम, खरं सांगा. कुणाकडं बघत हुती?”

“सकाळी तुम्ही काढायला लावलंत, तिकडे.”

“दावा.”

बाईंनी टोपलीतून तो तुकडा काढला. सर्जेरावांचं हसू तेच होतं. पण त्यांच्या मागे खुर्चीवर चढून गेनबा उभा होता आणि धाकट्याच्या डोक्याला फेटा बांधत होता. “हालू नगंस रं, सर्ज्या!” तो ओरडला, आणि सर्जेराव आणखीच हसले. गेनबाच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं. बाकीचं कडबाकुट्टीत गेलेलं.

“आमच्याकडं बघत हुती,” सर्जेराव म्हणाले.

खाली गिरणी थांबली. कुणीतरी डबा घेऊन गेलं असावं. मग ती पुन्हा सुरू झाली.

“लावू का हाच तुकडा परत तिथे?” बाईंनी विचारलं.

परवा मांडवात सगळी भावकी असणार होती, वकीलसाहेबही जेवायला येणार होते.

“त्याचं तोंड नगं,” सर्जेराव म्हणाले. “सोमवारी तारीख हाय कोर्टात. हात तेवढे ऱ्हाऊ द्या.”

बाईंनी चित्र थोडं वर सरकवून कापलं. गेनबाचं तोंड गेलं. सर्जेरावांच्या डोक्यावर फेट्याचे पीळ चढवणारे दोन हात उरले.

“अहो सर्जेराव, ते बोट बघा,” बाई म्हणाल्या. “सगळी वाघोली ओळखेल.”

सर्जेरावांनी पडद्यावरच्या त्या अर्ध्या बोटावर आपलं बोट टेकवलं.

“वळखू द्या,” ते म्हणाले.