कपाटाचं कुलूप

जिल्ह्याचे आरोग्य साहेब गावच्या दवाखान्यात मोडलेलं कुलूप उलटंपालटं करून बघत होते. पाठीमागच्या खाटेवर रुख्मिणी आपल्या बाळाला पाजत बसली होती. तिच्याकडे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. सिंधूताई नर्सला कामावरून काढायचा कागद मात्र टेबलावर तयार होता, सही तेवढी बाकी होती.

"सलाईनचं कपाट कुणाच्या हुकमानं फोडलंत?"

"कुणाच्याच नाही. डॉक्टर मोताळ्याला बैठकीला गेले होते, चावी त्यांच्या खिशात. बाळंतपणाचा ताप हिच्या रक्तात उतरला होता. हातपाय गार, नाडी लागेना. म्हणून सलाईन लावलं, पेनिसिलीन टोचलं."

"डॉक्टरांची वाट पाहायची. नियम आहे तसा."

सिंधूताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं चौसष्ट सालचं रजिस्टर उघडून साहेबांपुढे आदळलं. साहेबांशी बोलायची पुस्तकी मराठीही मग सुटली.

"हे पाहा. मार्चात बनाबाई. असाच ताप, असेच हातपाय गार. दोन घंटे वाट पाह्यली, मेली. मे मह्यन्यात अन्नपूर्णा. अडीच घंटे वाट पाह्यली, तेबी मेली. तुमचा नियम पाळूनच मारल्या म्या त्या दोघी! हिले अर्ध्या घंट्यात सलाईन लावलं, तं हे बसली तुमच्या मांगं जिती. सांगा आता, त्या दोघींच्या टायमाले चौकशीले कोणी काऊन नाही आलं?"

साहेबांनी रजिस्टर मिटलं.

"तेव्हा कुलूप शाबूत होतं," ते शांतपणे म्हणाले आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

दाराशी बसलेली सत्यभामाबाई, रुख्मिणीची सासू, गुडघ्यांवर हात देत उठली. पिशवीतून तिनं एक भलंमोठं पितळी कुलूप काढलं आणि साहेबांच्या कागदावरच ठेवलं.

"घरचं हाय. घर उघडं टाकून आली मी."

साहेबांना बरंच वाटलं. "ठीक आहे. कुलूप भरून दिलं, असं लिहितो. मग काढत नाही बाईंना. द्या, चावी द्या."

त्यांचा हात पुढेच राहिला. म्हातारीनं कमरेची चावी सोडली, सिंधूताईच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी घट्ट मिटली.

"कुलूप सरकारले देलं, साहेब. चावी नाही देली."