लाथ कोणाची

दादाचा उजवा पाय पुन्हा आपोआप उडाला आणि सर्व्हिस सेंटरमधली खुर्ची आडवी झाली. काल याच पायाने त्याला जिन्यावरून पाडलं होतं.

"मणक्यात बसवलेल्या यंत्रात मेंदूचे निरोप भलत्याच पायाला जातायत," त्याची बहीण शलाका यंत्राच्या कंपनीतल्या मोघ्यांना म्हणाली. "निरोप पोचवणारा कोड मुळात माझा आहे. कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला लिहिला आणि सगळ्यांना फुकट दिला, एकाच अटीवर. ज्याला द्याल, त्याला तुम्ही बदललेला सोर्स कोडही, म्हणजे वाचता येणारा मूळ मजकूर, द्यायचा. तुम्ही तो कम्पाइल करून नुसती सीलबंद फाइल घातलीत. माझ्याच कोडला मलाच कुलूप? उघडा, चूक मी काढते."

मोघे हसले. "मॅडम, यंत्र आम्ही कुणाला दिलेलंच नाही. भाड्याने बसवलंय. मग अट लागते कुठे?"

"माझ्या पाठीत आहे ते!" दादा ओरडला.

"पाठ तुमची, यंत्र आमचं. आत काय चालतं ते कंपनीचं खासगी."

दादा भिंतीला धरून उठला. उजवा पाय सणकन उडाला आणि मोघ्यांच्या नडगीवर बसला.

"मुद्दाम मारलीत!" मोघे खाली बसून कळवळले. "पोलिसांत जातो मी!"

"शलाके, मी मारली का गं?"

"काय माहीत, दादा." तिने मोघ्यांचा पडलेला फोन उचलून त्यांच्या हातात कोंबला. "लावा पोलिसांना. लाथ याची की तुमच्या यंत्राची, ते कोर्टात ठरवू. त्यासाठी सोर्स कोड मात्र उघडावा लागेल."