बिनआवाजी टायर

“पण मग आम्हाला कळणार कसं?”

मुलीने अगदी सहज विचारलं. आईने तिचा हात इतक्या जोरात दाबला की पोरीने ओठ मिटून घेतले. टायरच्या दुकानात हवा भरायच्या यंत्राची धडधड चालू होती.

“काय कळणार?” नवऱ्याने वळून पाहिलं.

“गाडी मागे घेताना, हो,” ती घाईने म्हणाली. “मुलं फाटकाशी खेळत असतात. आवाज आला की बाजूला होतात.”

“मागे घेताना ती पीं-पीं करते. बहिरी आहेत का आपली मुलं?” तो हसला. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून दुकानदारही हसला.

गाडी जॅकवर चढवलेली होती. पांढरी, उंच, सात माणसांची. चारही टायर गोटा झाले होते, आणि तेही वेडेवाकडे झिजून. त्यामुळे गेलं वर्षभर ती रस्त्याने घोंघावत चालायची. नवऱ्याला त्याचा उबग आला होता. त्याला आता अठरा इंची रिम हव्या होत्या, त्यावर पातळ, गुळगुळीत चालणारे टायर. तिला मात्र आहेत त्याच सतरा इंची रिमवर जाड नक्षीचे टायर हवे होते, कच्च्या रस्त्याला लावतात तसले. गाडीच्या बाबतीत ती आजवर कधी बोलली नव्हती.

“अठरावर गाडी अजून उंच दिसेल ना?” नवऱ्याने विचारलं.

“उंच नाही होणार, साहेब. बाहेरचा घेर तेवढाच ठेवावा लागतो, नाहीतर वेगाचा काटा खोटं बोलतो. रिम वाढली की मधलं रबर कमी होतं, एवढंच. रुबाब येतो. पण खड्ड्याचा दणका ते रबरच पोटात घेतं. ते कमी झालं की दणका आत बसलेल्यांना.”

“मग सतराच बरे,” ती म्हणाली. “आणि ते जाड नक्षीचे.”

“ते फार आवाज करतात, ताई. नुसती घरघर.”

“करू देत.”

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो हळू आवाजात बोलला. तो हळू बोलायला लागला की ती मुलीला आपल्या मागे घ्यायची.

“आपण काय डोंगरात राहतो? मला घरी शांतता लागते, गाडीतही लागते. अठरा लावा हो. आवाज शून्य पाहिजे.”

खरं कारण तिला सांगता येण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी गल्लीच्या वळणावर झिजलेल्या टायरांची घरघर सुरू झाली की घरात पळापळ व्हायची. चादरींचे तंबू उतरायचे, उशा सोफ्यावर परत जायच्या, टीव्ही बंद, खडू डब्यात. तो कुलूप उघडायचा तेव्हा घर लख्ख आणि मुकं असायचं. “आमच्याकडे शिस्त आहे,” तो लोकांना कौतुकाने सांगायचा. “मी येतो तेव्हा मुलं पुस्तक घेऊन बसलेली असतात.” त्याआधी, टायर धड होते तेव्हा, एका संध्याकाळी तो अचानक दारात उभा राहिला होता. धाकट्या मुलाने बैठकीत खोक्यांचं गॅरेज बांधलं होतं. ते लाथेने उडालं. मग आरडाओरडा. धाकटा त्यानंतर कितीतरी दिवस झोपेत दचकायचा.

परतताना गाडी लोण्यावरून चालावी तशी चालली होती.

“ऐकू येतंय काही?” नवऱ्याने खुशीत विचारलं.

“नाही,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकट्याने चार खुर्च्यांवर चादर टाकली आणि आत वाघाची गुहा मांडली. ती ओट्याशी भांडी विसळत होती. दिवस कलायला लागला तशी तिने नळ बारीक केला आणि कान बाहेर लावला. बाहेर काहीच नव्हतं. असणारही नव्हतं.

“ताई, ये ना,” गुहेतून आवाज आला. “मी वाघ झालोय. एकट्याने वाघ काय करू?”

“नाही रे.”

“का?”

“मी ड्युटीवर आहे.”

आईने ओल्या हातांनीच बैठकीत डोकावलं. मुलगी खिडकीशी स्टुलावर उभी होती. काचेला कपाळ टेकलेलं. श्वासाने काच धुरकट व्हायची, ती बाहीने पुसायची आणि पुन्हा वळणाकडे बघायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला कुणी सांगायची गरजच नव्हती.

त्या पाठमोऱ्या पोरीकडे बघता बघता आईचे हात पदर न शोधता तसेच निथळत राहिले. वर्षभर त्या घरघरीने आपल्याला वाचवलं असं ती समजत आली होती. वाचवलं कसलं. नुसतं लपायला शिकवलं होतं.

ती खिडकीशी गेली. पडदा ओढला.

“अगं आई, दिसणार नाही.”

“उतर. ड्युटी संपली.”

मुलगी संशयाने बघत राहिली. शेवटी आईच गुडघ्यांवर बसली आणि रांगत चादरीखाली शिरली. वाघ खिंकाळला, मग वाघ खिंकाळत नाही असं ताईने सुनावलं, मग तिघंही एकमेकांच्या अंगावर कोसळली.

कुलूप उघडल्याचं कुणालाच कळलं नाही. दार लागलं तेव्हा कळलं. चादरीच्या खालच्या फटीतून बूट दिसले. मुलं दगड झाली. तिचा हात आपसूक उशीकडे गेला, ती उचलायला, जागेवर ठेवायला. तिने उशी उचलली आणि धाकट्याच्या पाठीशी सरकवली. मग दोघांच्या मध्ये बसली.

“हे काय चाललंय?” वरून हळू आवाज आला.

तिने चादरीची कड हातभर वर धरली, जास्त नाही.

“आमचं घर आहे,” ती म्हणाली. “आत यायचं तर बूट काढून, वाकून यावं लागेल.”