चार्जरची तार

कीबोर्डवरचा निळा दिवा लागला होता, पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर कीबोर्डचं नाव काही येत नव्हतं. काबासोनं एक पट्टी दाबून पाहिली. आवाज नाही. त्यानं रेकॉर्डिंगचा प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. तार काढून शेजारच्या भोकात खोचली. मग सगळा कॉम्प्युटरच बंद करून चालू केला. हे सारं तो मन लावून, सावकाश करत होता. यातल्या कशाचाही उपयोग होणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ती तार मोबाइलच्या चार्जरची होती. टोक नीट बसतं, दिवाही लागतो. पण तिच्यातून नुसती वीज जाते, सूर जात नाहीत. कीबोर्डची खरी तार त्याच्या पायाशी, त्याच्याच पिशवीत होती. शनिवारी खाणीजवळच्या बारमध्ये वाजवायला त्यानं ती चर्चच्या कपाटातून नेली होती. रविवारी गायकमंडळाच्या प्रमुख बाना मुताले यांनी तार कुठे गेली म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं इतरांसारखीच मान हलवली होती. वर, कुठलीही तार चालते, असंही सांगून टाकलं होतं. आज लवकर येऊन ती गुपचूप कपाटात ठेवायची, असं त्यानं ठरवलं होतं. पण बाना मुताले त्याच्या आधीच येऊन बसल्या होत्या.

चर्चच्या मागच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या टेकवलेल्या, मधे सगळं मंडळ एकाच छापाच्या चितेंगे कापडात उभं. येत्या रविवारी अल्बमचा समारंभ होता, आमंत्रणं गेली होती, आणि दुपारी वीज जायची होती. खर्जात गाणारा म्वांबा म्हणाला की डोळे उघडे आहेत पण विचारलेल्याला उत्तर नाही, म्हणजे हा कीबोर्ड आपल्या मेहुण्याचाच भाऊ दिसतो. थोडे हसले.

बाना मुताले उठल्या. त्या कधी आवाज चढवत नसत.

"दिवा लागलाय म्हणजे यंत्र जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "त्याचं तोंड आपल्यातल्याच कुणीतरी दाबून धरलंय. ज्याच्या मनात काही अडकलं असेल त्यानं ते बोलून टाकावं. आपण वाट बघू."

काबासोनं मान खाली घातली. बोलायचं तर आत्ताच, हे त्याला कळत होतं. पायानं त्यानं पिशवी आणखी आत सरकवली.

तेवढ्यात चिलेशे पुढे आली. अल्बममधलं मुख्य गाणं तिचं होतं; खरं तर तिच्या गळ्यासाठीच हा सगळा खटाटोप चालला होता. तिनं दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले आणि सांगितलं, की शनिवारी ती बारमध्ये गायली. गाणंही आपलंच, अल्बममधलं. शब्द तेवढे बदललेले.

शब्द काबासोनं बदलले होते.

"एकटीच गेली होतीस?" बाना मुतालेंनी विचारलं.

"हो. एकटीच." तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

बाना मुतालेंनी तिला जवळ घेतलं. सगळे तिच्याभोवती जमले, डोळे मिटले, आणि ज्यानं त्यानं आपापल्या शब्दांत मोठमोठ्यानं प्रार्थना सुरू केली. मिटले नव्हते ते फक्त काबासोचे डोळे. तो वाकला. पिशवीतली तार काढली, चार्जरची उपसून खिशात कोंबली, खरी खोचली. दोन्ही तारा काळ्याच. कॉम्प्युटरनं टुण्ण केलं.

एवढासा आवाज; पण त्या गलक्यातही तो सगळ्यांनी ऐकला. पडद्यावर कीबोर्डचं नाव आलं होतं. म्वांबानं हात लांब करून एक पट्टी दाबली, आणि सूर खोलीभर पसरला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी रडलं. चिलेशे रडता रडता हसत होती. खरंच आपल्यामुळे अडलं होतं आणि आपल्यामुळेच सुटलं, ही तिची खात्री चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

मग बाना मुतालेंनी तिच्या खांद्यावरची मंडळाची पट्टी उतरवून घेतली. पदरानं पुसावं तसे चितेंग्याच्या टोकानं तिचे डोळे पुसले आणि तिला मागच्या बाकावर बसायला सांगितलं. चूक कबूल करणाऱ्यानं ईस्टरपर्यंत गायचं नाही, हा चर्चचा नियम होता. गाणं मंडळातल्याच म्विलाला दिलं. म्विला बिचारी गांगरून गेली.

"बाना मुताले," काबासो म्हणाला. "तसं काही नव्हतं. तारेचंच होतं."

बाना मुताले हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं.

"तारेचं होतं? मग बाळा, सकाळपासून बोलला का नाहीस?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. म्वांबा, म्विला, मागच्या बाकावरून चिलेशे. उत्तर त्याच्याकडे होतं, आणि ते लहानसंच होतं. मग तो कीबोर्डकडे वळला.

"म्विला," तो म्हणाला, "तुला सूर कुठला देऊ?"

म्विलाला ते सांगता येईना. कुणालाच सांगता येईना.

"माझ्यापेक्षा एक सूर खाली दे," चिलेशेच मागून म्हणाली. "तिला तिथं बरं पडतं."