राज्य कोणावर?

बागेच्या फाटकातून आत शिरल्या शिरल्या धाकट्याने आईचा हात सोडला. झोपाळे, घसरगुंडी, वाळूचा हौद, कशाकडे म्हणून न बघता तो थेट कोपऱ्यातल्या सिमेंटच्या पाइपात जाऊन बसला.

"झालं सुरू याचं," थोरली म्हणाली.

दुपारच्या सुट्टीची वेळ होती. बागेच्या चारी बाजूंना काचेच्या उंच इमारती. तिथली माणसं बाकांवर डबे उघडून बसली होती आणि मुलांचा कालवा आपल्या कानावर पडतच नाही अशा चेहऱ्याने जेवत होती. आईचं ऑफिसही समोरच्याच इमारतीत होतं. खिडकीतून तिला इतकी वर्षं नुसते झाडांचे शेंडे दिसायचे. खाली यायची वेळ कधी आली नव्हती. शाळा सुटली की मुलांना इथे आणायचं काम आजोबांचं. म्हणजे तिच्या वडिलांचं.

ती पाइपापाशी वाकली. "बाहेर ये. झोपाळा मोकळा झालाय बघ."

धाकट्याने पाय आणखी आत ओढून घेतले.

"अरे, आत बसून काय अंडी उबवतोयस का?"

"बोलू नकोस ना! मी लपलोय."

"बरं. मग सापडलास. ये आता."

"तू नाही शोधायचं. तुझ्यावर राज्य नाहीये."

"मग कोणावर आहे?"

"आजोबांवर."

आईने थोरलीकडे पाहिलं. थोरली बुटाच्या टोकाने वाळू उकरत होती. "त्या दिवशीचा लपाछपीचा डाव," ती म्हणाली. "तो याच्या मते अजून चालूच आहे."

आईला तो दिवस दुसऱ्या टोकाने ठाऊक होता. फोन, लिफ्ट, हॉस्पिटलचा दरवाजा. या टोकाला काय झालं ते तिने कोणाला विचारलं नव्हतं, मुलांना तर नाहीच.

"आजोबा त्या झाडाशी होते," थोरलीने हात करून दाखवलं. "एकदम खाली बसले. मग खूप माणसं आली. हा पाइपातच. शेवटी वॉचमनकाकांनी याला ओढून काढलं."

"वॉचमनकाका खेळात नव्हते," पाइपातून आवाज आला. "म्हणून मी आउट नाहीये."

आई तिथेच खाली टेकली. तेव्हापासून घरी हा पलंगाखाली जाऊन बसे, कपाटामागे बसे, हाकेला ओ देत नसे. शाळेत बाकाखाली बसतो म्हणून बाईंनी तिला बोलावून घेतलं होतं. मुलगा अबोल झालाय, धसका घेतलाय, असं ज्याने त्याने सांगितलं होतं. लपलेल्या माणसाने ओ कशी द्यायची, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"राजा," ती हळूच म्हणाली, "आजोबा आता येणार नाहीत. आपण बोललो होतो ना?"

"मला माहितीये." धाकटा चिडला होता. "आजोबा वारले."

"मग?"

"मग राज्य कोणावर?"

शेजारच्या बाकावर एका माणसाने डब्याचं झाकण लावलं आणि तो निघून गेला.

"मी घेते," थोरली म्हणाली. "माझ्यावर राज्य. चल, नीघ."

"असं नसतं! तू आउट झालीस का? मग उगाच कसं घेशील?"

थोरलीला हे पटलं. नियमांच्या बाबतीत तीही काही कमी नव्हती. बुटातली वाळू झाडता झाडता ती थांबली. "ए, राजा मेला की त्याचं राज्य कोणाला मिळतं?"

"राजाच्या मुलाला."

"हां."

"आजोबांना कुठेय मुलगा?"

"मुलगी आहे की," थोरली म्हणाली.

पाइपाच्या तोंडाशी धाकट्याचा चेहरा दिसला. त्याने आईकडे नीट पाहून घेतलं. आजवर तिला या नजरेने त्याने पाहिलं नव्हतं.

"तुला येतं?"

"येतं."

"फसवायचं नाही. मधले आकडे गाळायचे नाहीत."

"नाही गाळणार."

"आणि बोटांच्या फटीतून बघायचं नाही. आजोबा बघायचे."

"मी लहान असतानाही बघायचे," आई म्हणाली. ती उठली, गुडघे झटकले आणि झाडाकडे निघाली. झाडाचं खोड माणसाच्या हातांनी एका उंचीवर गुळगुळीत झालं होतं. तिने त्यावर हात आडवा ठेवला, हातावर कपाळ टेकवलं, डोळे मिटले.

"एक..."

"एक नाही!" धाकटा पाइपातून ओरडला. "पहिल्यापासून कशाला? आजोबांचं सदुसष्ट झालं होतं. मी ऐकलंय."

आईने मान वळवली नाही. बाकांवरची माणसं उठू लागली होती, सुट्टी संपत आली होती.

"अडुसष्ट," ती म्हणाली.

पुढचा आकडा ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली.

"आई, मोठ्याने मोज गं!" थोरलीचा आवाज आता लांबून, कुठल्यातरी झुडपामागून आला. "इथे ऐकू येत नाहीये."

"एकोणसत्तर."

मागे पाइपात खरखर झाली आणि छोटे बूट धावत बाहेर पडले. शंभर व्हायला अजून अवकाश होता. लपायची जागा बदलता येण्यासारखी होती.