रेजिनाचे पाय

पवित्र गुरुवारी प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तसेच फादर आज बारा जणांचे धुणार होते. जासिंतानं पंधरा वर्षांच्या रेजिनाला पाठुंगळीवर घेऊन आणलं आणि रिकाम्या राहिलेल्या बाराव्या खुर्चीत बसवलं. पोर जन्मापासून चाललेली नव्हती.

चर्चच्या कमिटीचे बावतीसकाका लगबगीनं आले. “अगं, हिचे पाय जमिनीला लागलेच नाहीत कधी. मळणार कुठून? धुवायचं काय?”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

जासिंतानं लेकीला उचललं. काकांना वाटलं, निघाली. पण ती स्वतःच खुर्चीत बसली, रेजिनाला मांडीवर घेतलं आणि आपल्या भेगाळलेल्या टाचा पुढे केल्या.

“हे तिचेच पाय, काका. पंधरा वर्षं यांच्यावरच फिरतेय ती.”

फादर तांब्या घेऊन गुडघ्यांवर बसले.

“नीट चोळा, फादर. दोघींची धूळ आहे.”